शिंदीच्या दुकानाचा कोनाडा

शुक्रवार, संध्याकाळ. अजून डोकं तापलेलंच आहे.

कॉलेजमागच्या बारचा वर्धापनदिन होता. आधी शिंदीचं दुकान, मग देशीचं, आता परमिट रूम. शेजारच्या कॉलेजातले प्राध्यापक म्हणून मालक दिनकरशेठनं दोन शब्द बोलायला बोलावलं. गेलोच कशाला मी?

त्यानं भिंतीवर दुकानाचा इतिहास लावलाय. मला म्हणाला, "सर, आमच्या आजोबांनी सगळ्यांना एकाच बाकड्यावर बसवलं. जातपात इथं कधी नव्हतीच बघा."

नव्हती? माझा बा याच दुकानाबाहेर, मातीत उकिडवा बसून प्यायचा. आमच्या जातीसाठीचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. याचा आजोबा वरून शिंदी ओतायचा, शिवाशिव नको म्हणून. पिऊन झालं की बानं स्वतः गिलास विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कोनाडा तसाच राहिला. आता त्यात पिवळा दिवा लावलाय आणि कॉलेजची पोरं तिथं उभी राहून फोटो काढतात.

माईक हातात आला तेव्हा हे सगळं बोललो, काही न गाळता. वाटलं, निदान मान तरी खाली घालील. कसली मान! सगळ्यात आधी टाळी त्याचीच.

"वा सर! हे तर आम्हाला माहीतच नव्हतं. उद्याच शहागंजच्या बाजारातनं जुना जर्मनचा गिलास आणतो. कोनाड्यात दिव्याखाली लई शोभंल."

बाचा गिलास. शोभंल म्हणे.