चांदीचं वाण

१६ जाने., शुक्र.
हळदीकुंकू झालं एकदाचं. नागरवाड्यातल्या जुन्या शेजारणी सगळ्या आल्या, पण सोफ्याच्या कडेला टेकून बसल्या. वाण म्हणून चांदीचा करंडा दिला, चांगला वजनदार. दर संक्रांतीला गाळण्या नि साबणदाण्या लुटणाऱ्या आम्ही! माझ्या जिवाभावाच्या नलूनं हातात घेतला, "अगं बाई!" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, गळ्यात पडेल.

१९ जाने., सोम.
नलूच्या हळदीकुंकवाचं बोलावणं अजून नाही. इतक्या वर्षांत असं कधी... फोनचा आवाज बंद नाही ना, सारखं बघतेय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "शांती राख ने, जरा धीर धर! एवढं भारी दिलंस, विसरतील का?" आमचा नंदेसरीचा कारखाना चालायला लागल्यापासून ह्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, काहीतरी भारी आणा. माझी झोपेची गोळी तेवढी स्वस्त आहे.

२१ जाने.
भाजीबाजारात नागरवाड्यातल्या कुंदाताई भेटल्या. बोलता बोलता निघालं, नलूचं ह.कुं. कालच झालं! जीभ चावली बिचारीनं. "रागावू नकोस हं. तुला वाण काय द्यायचं, तेच तिला सुचेना. दुकानं पालथी घातली, मग म्हणाली, राहू दे." मी हसले. गाडीत बसल्यावर पदरानं तोंड पुसत राहिले. ड्रायव्हर विचारतो, "बेन, एसी वधारुं?"

२३ जाने.
जेवण जात नाही. फाटकावरचा कॅमेरा फोनवर उघडून बसायची खोड लागलीय. बंगल्यात आले तेव्हा चोराच्या भीतीनं बघायचे. आता कुणी आलंय का, ते बघते. कुणी नसतं. मेला वॉचमन तेवढा डुलक्या घेतो.

२५ जाने., रथसप्तमी
शेवटचा दिवस. न बोलावताच गेले, रिक्षानं. नलूच्या दाराला भरदुपारी आतून कडी! नागरवाड्यात कोण लावतं?

"तुझा करंडा आहे ना घरात," म्हणाली. "चांदीचे भाव ऐकतेस ना? हे कामावर, मी एकटी. वाण परत करता येत नाही, विकवत नाही. झोपच उडालीय बघ." मग एकदम, "तुमच्याकडे तर केवढं काय काय. तुला लागते ना गं शांत झोप?"

मी "हो" म्हटलं. सवयीनं. तिनं कुंकू लावलं, चहाचं विचारलंच नाही.

तिला "नाही" ऐकायचं होतं. रिक्षात बसल्यावर कळलं. आता तिचा नंबर काढून बसलेय. काय बोलू, कुठून सुरुवात...