शुद्ध स्फटिकाची आठवण

३ फेब्रुवारी, मंगळ.
माझी पीएचडीची विद्यार्थिनी कविता, तिच्या ‘शुद्ध’ स्फटिकाचा आलेख पुन्हा एका बाजूला सरकलेला. शुद्ध टीजीएस, म्हणजे ग्लायसीनपासून वाढवलेला स्फटिक, पन्नास अंशांपुढे तापवून थंड केला, की त्याला दिलेली विजेची दिशा तो विसरतो. वाढवताना चिमूटभर अलॅनिन, हे दुसरं अमिनो आम्ल, मिसळलं तरच लक्षात ठेवतो. हा शुद्ध, तरी याला सगळं आठवतंय. तिचा अख्खा प्रबंध या फरकावर उभा.

४ फेब्रु.
पाणी डिस्टिल्ड. ग्लायसीनची बाटली नवी. भांडी स्वच्छ. मग उरतो माणूस. शुद्ध स्फटिक वाढायला तीन आठवडे लागतात आणि तिला प्रबंध द्यायची घाई. अलॅनिनवाल्याचाच दुसरा काप घेऊन चिठ्ठी बदलली असेल तर?

६ फेब्रु.
विभागातल्या चौघांसमोर कविताला बोललो. राहुरीच्या सभेत ‘संशय घ्या, गुरूवरही घ्या’ म्हणून टाळ्या घेतल्या होत्या, तोच आवाज लागला. स्फटिक वाढवलाच नसेल तर तसं सांग, म्हणालो. ती इतकंच म्हणाली, “सर, वही बघा.”
नाही बघितली. वहीत काय, कुणीही काहीही लिहितं.

१० फेब्रु.
कविता आलेली नाही. श्रीगोंद्याला घरी गेली म्हणे. फोन उचलत नाही. लपवण्यासारखं काही नसतं तर उचलला असता.
लॅब अटेंडंट भाऊसाहेबांना आडून विचारलं. निवृत्तीला आलेला माणूस, कुणाची भीड नाही. म्हणाले, “भाषनात लई सवाल करता, सर. हितं एक राह्यला. खडा ज्याच्यावर वाढतो, त्ये दोऱ्याला बांदायचं बी कुनी दिलं?”
कुणी?
“तुमीच की. डबीतला सगळ्यात नितळ खडा काढून दिला. दोरा म्या धरला हुता.”
डबी. कुठली डबी? कपाट उघडलं. झाकणावर माझ्याच अक्षरात ‘टीजीएस, अलॅनिनसह’.
मग वही. डिसेंबरचं पान. ‘सीड: सरांनी दिले.’ खाली माझी सही.

११ फेब्रु.
मोजलेला काप मधला होता, बी असतं तिथला. म्हणजे बहुधा माझा खडाच मोजला गेला. बहुधा. कडेचा काप शुद्ध निघाला तर ती खरी. नाही निघाला तर पुन्हा तिथंच.
घरच्या नंबरवर फोन लावला, वडिलांनी तिला दिला. चूक माझी असावी, म्हणालो. ‘असावी’ तिनं बरोबर ऐकलं.
“कडेचा काप मी घेणार नाही, सर. तुम्ही घ्या. त्याच चौघांसमोर.”

१५ फेब्रु., रवि.
उद्या अकराला. चौघांना निरोप गेला. कविता येते म्हणाली. भाऊसाहेबांनी स्फटिक कापायचा दोरा भिजत घातलाय, न सांगता.
कुठल्याही व्यासपीठावर कागद न घेता दोन तास बोलतो. उद्यासाठी चार ओळी लिहिल्या, खोडल्या.
कडेच्या कापानं विसरलं पाहिजे. तिच्यासाठी.
पण मघापासून मनात एकच चाललंय: नाही विसरलं तर माझा संशय खरा ठरेल, मी सुटेन. उद्या नक्की काय निघावं असं मला वाटतं, ते इथंही लिहवत नाही.