उतारावर मागे पाहू नये

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी एक सध्या रजेवर आहे, तेव्हा सातांवरच भागवून घे. आठव्याविषयी योग्य ठिकाणी सांगेन. भाऊजींची पाठ कशी आहे? गच्चीचे गळणे थांबले का? इकडे सर्व उत्तम आहे. आज तर विशेषच उत्तम आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. मात्र विषयाची नीट मांडणी केल्याशिवाय मी निष्कर्षावर येत नाही, ही माझी खोड तुला ठाऊक आहे.

अक्षर तुझ्या लेकीचे आहे, हे तू पाकीट फोडताच ओळखले असशील. मी सांगते आहे आणि बारकी लिहिते आहे. तिला लेखनाचा सराव हवा, म्हणून.

(आई, हे कारण खरं नाही. — लेखनिक)

लेखनिकाने मध्ये बोलायचे नाही, असे ठरले होते. असो.

मागच्या वर्षी बारकी शिकायला माझ्याकडे आली आणि टेकडीवर सायकल चालवण्याच्या नादाला लागली, तेव्हा तू फोनवर तीन अटी घातल्या होत्यास. मी प्रत्येक वेळी तिच्यासोबत जायचे. तिच्यावरून नजर काढायची नाही. आणि एकदा जरी पडापड झाली, तर मुलगी घरी परत. पहिली अट घालताना तुझी खात्री असणार की बावन्न वर्षांची भूशास्त्राची प्राध्यापिका काही सायकलवरून डोंगर उतरणार नाही, आणि प्रश्न आपोआप मिटेल. तुझा अंदाज चुकला. मी सायकल घेतली.

ताई, त्यात किती शास्त्र आहे, हे तुला कोणी तरी समजावून सांगायलाच हवे. खडकाळ उतार म्हणजे डोळे मिटून खाली सुटणे नव्हे. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो, त्याच्यावरून उसळत नाही. उतार लागला की सीटवरून उठायचे. दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे आणि कोपरे सैल, वजन किंचित मागे. ब्रेकवर एकच बोट. घाबरून मूठ आवळणारा मनुष्य सायकलच्या आधी खाली पोहोचतो. दगडांच्याही दोन जाती असतात. जमिनीत रुजलेला दगड कितीही अक्राळविक्राळ दिसला तरी त्याच्यावर विश्वास ठेवावा. सुटा दगड लिंबाएवढा असला तरी ठेवू नये. ज्या खडकांना मी आयुष्यभर हातोडीने ठोकत आले, ते चाकाखाली आल्यावर मला नव्याने कळू लागले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोळे जातात तिकडे सायकल जाते. दगडाकडे पाहिले की चाक दगडावर. दोन दगडांमधल्या वाटेकडे पाहिले की चाक वाटेवर. म्हणून नजर पुढे ठेवायची, सतत पुढे.

(दगड दिसला की मावशी थांबून त्याची चौकशी करते. आमच्या मागे रांग लागते. — लेखनिक)

हे सर्व मला सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रींनी शिकवले. त्यांना सगळे नटबोल्ट म्हणतात आणि त्यांनाही ते मान्य आहे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मॅडम, आधी पडायला शिका."

मी म्हटले, "मला पडायची परवानगी नाही. मोठ्या बहिणीची अट आहे."

"मग त्यांनाच आणा शिकायला. अटी आपोआप सुटतील."

आता तिसऱ्या अटीकडे वळते. बारकी पडलेली नाही. हे वाक्य पुन्हा वाच, घोटभर पाणी पी, आणि मग पुढे जा.

पडले ती मी.

गेल्या रविवारी सकाळी खाणीमागच्या टेकडीवरून आम्ही उतरत होतो. उताराच्या मध्यावर पायऱ्यांसारखे खडक आहेत. मी पुढे, माझ्या मागे बारकी, सर्वांत मागे नटबोल्ट. माझे पुढचे चाक एका सुट्या दगडावर गेले, हँडल वळले, आणि मी सायकलच्या पुढे जाऊन पडले. आधी उजवा खांदा टेकला, मग डोके. हेल्मेटला आरपार तडा गेला आहे. ते मी टाकलेले नाही. पुस्तकांच्या कपाटावर ठेवले आहे.

मी उठू लागले, तोच तुझी लेक सायकल टाकून धावत आली.

"मावशी, हलायचं नाही."

"अगं, माझा चष्मा..."

"चष्मा गेला खड्ड्यात. मान हलवायची नाही."

"सायकल?"

"सायकल तुझ्यापेक्षा बरी आहे. आता गप्प पड."

ती माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली आणि दोन्ही तळव्यांत माझे डोके धरले. नटबोल्टना म्हणाली, "काका, खाली जा, स्ट्रेचर आणायला सांगा. सावकाश जा, तुम्हीही पडू नका." मोबाइलला तिथे रेंज नसते. ते गेले आणि आम्ही दोघीच उरलो.

गप्प पडण्याचा हुकूम मी पाळत होते. मग तीच म्हणाली, "मावशी, ज्या दगडाने तुला पाडलं, तो कोणता?" आता असा प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे मला शक्य आहे का? लाव्हा कसा वाहतो, थिजताना त्यात पोकळ्या कशा राहतात, तिथूनच पुढे खडक का फुटतो, सगळे मी आभाळाकडे पाहत सांगितले. मध्येच थांबले की ती पुढचा प्रश्न टाकायची. तिचे हात गार पडले होते, पण माझे डोके त्यांनी जराही हलू दिले नाही.

एक गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही. माझ्या उजव्या हाताची बोटे मला जाणवत नव्हती.

(मावशी, मला माहीत होतं. बोलता बोलता एक हात काढून मी तुझ्या करंगळीला जोरात चिमटा घेतला होता. तुला कळलाच नाही. — लेखनिक)

इथे आम्ही लिहिणे थांबवून चहा घेतला.

पुढचे थोडक्यात सांगते. कॉलरचे हाड मोडले आहे. बोटांत दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि मग जाणीव परतली. पण मानेच्या मणक्याची शंका होती, म्हणून आठवडाभर गळ्याला पट्टा बांधून मी छताकडे पाहत पडून होते. तुला कळवले नाही, कारण अर्धवट बातमी ही बातमीपेक्षा वाईट असते. काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळे अहवाल पाहिले आणि स्वतः पट्टा काढला. म्हणाल्या, "मान शाबूत आहे. हात महिन्या-दीड महिन्यात कामाला लागेल. पण हे या वयात कशाला?"

मी म्हटले, "याच वयात सवड मिळाली."

त्या हसल्या नाहीत, बारकी हसली. मग ती दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन इतकी रडली की परिचारिकेला वाटले, अहवाल वाईट आला. आज सकाळी मी खिडकीशी उभे राहून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा डावीकडे. समोरच्या बाईंनी आपल्यालाच नकार देते आहे असे समजून खिडकी लावून घेतली. इतके हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

(आई, मावशी का पडली, हे तिने अजून सांगितलं नाही. — लेखनिक)

तेच सांगते आहे. पायऱ्यांच्या तोंडाशी मागून चाक घसरल्याचा आवाज आला. बारकीने सायकल केव्हाच सावरली होती. पण मी मान वळवून मागे पाहिले. तुला शब्द दिला होता ना, तिच्यावरून नजर काढणार नाही म्हणून. तेवढ्यात चाक त्या सुट्या दगडावर गेले. यात तुझा दोष नाही. तू भीतीपोटी मागितले आणि मी प्रेमापोटी दिले. फक्त ते उतारावर पाळण्याजोगे नव्हते, हे दोघींच्याही लक्षात आले नव्हते.

म्हणून माझी विनंती आहे की दुसरी अट मागे घे. सोबत मी जाईन. डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा, त्याआधी नाही. पण नजर माझ्या वाटेवर राहील आणि तिची तिच्या वाटेवर. तिसऱ्या अटीप्रमाणे कोणाला परत धाडायचेच असेल, तर पडणाऱ्या व्यक्तीला धाडावे लागेल, आणि ती आधीच स्वतःच्या घरी बसून आहे.

आता लेखनिकाला मी औषधाच्या दुकानात पिटाळले आहे. या पुढच्या ओळी माझ्या डाव्या हाताच्या आहेत. वेड्यावाकड्या आहेत, लावून वाच.

ताई, लहानपणी मला उलटी व्हायची तेव्हा तू मागे उभी राहून माझे कपाळ धरायचीस. टेकडीवर डोळे मिटले तेव्हा मला वाटले, तूच आलीस. तोच हात होता. तिला माझ्याकडे राहू दे.

यापुढे मागे न पाहणारी,
तुझी धाकटी