दादाचा गुडघा आणि आमचे एकोणीस मासे

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला साष्टांग अगदी खराखुरा. माशांच्या टाकीखालच्या कपाटात डोकं घालून मी फरशीवर पालथा पडलोय, डाव्या हाताने एक गळकी नळी दाबून धरलीय आणि उजव्या हाताने हे लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर एकदा मास्तरकी बाजूला ठेवून माफ कर. कागदावर पांढरे डाग दिसतील, ते अश्रू नव्हेत, टाकीतलं खारं पाणी आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? उजव्याने छळ मांडलाय हे कळलं. डाव्याने अजून त्याचं बघून सुरुवात केली नसेल असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. सौ. ठणठणीत आहे, सासूबाई तिच्याहून ठणठणीत आहेत आणि कन्या अभ्यास करते असं ती स्वतः सांगते. मासे एकोणीसच्या एकोणीस जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. (तुझा कशाला लागतोय म्हणा. मासा पाण्यात जिवंत ठेवला यात तुझं कर्तृत्व काय, असं मला विचारणारा तूच.)

तुझं पत्र मिळून महिना उलटून गेला. चारच वाक्यं. "डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढच्या महिन्याची सोळा तारीख दिली आहे. पंधरा दिवस घरात कुणीतरी हवं म्हणतात. जमलं तर बघ. वेळेवर जेवत जा." शेवटचं वाक्य तर तू गेली चाळीस वर्षं प्रत्येक पत्रात घालतोस, त्यामुळे ते मी हल्ली वाचत नाही. पण तिसऱ्या वाक्यापाशी मी अडकलो. आजवर तू माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाहीस. 'जमलं तर बघ' म्हणजे तुझ्या मानाने तू टाहोच फोडलास. (फोन करणार होतो, पण तू फोनवर "हं, बोल" म्हणतोस आणि मग माझी बोबडी वळते.) त्याच दिवशी जेवताना मी जाहीर केलं की मी पंधरा दिवस दादाकडे जाणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सौ.ने शांतपणे विचारलं, "आणि मासे?" तिथून या रामायणाला सुरुवात झाली.

तू टाकी कधी पाहिली नाहीस म्हणून सांगतो. बैठकीच्या खोलीत सहा फूट लांब, सातशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी आहे. पूर्वी तिथे सोफा होता. आत मासे, आणि मुख्य म्हणजे पोवळी; ती दिसतात दगडासारखी, पण असतात जिवंत, आणि जरा काही बिनसलं की जावयासारखी रुसून मिटून बसतात. माशांना दिवसातून तीनदा चिमूट चिमूट खाणं लागतं. पोवळ्यांना सकाळी हळूहळू उजाडावं लागतं, दुपारी लख्ख ऊन लागतं आणि संध्याकाळी निळसर मावळावं लागतं. हा सगळा सूर्योदय-सूर्यास्त आठ वर्षं मी हाताने बटणं दाबून करतोय. त्यात एक पिवळा मासा आहे, कपाळावर कायम आठी, कुणी जागा सोडून फिरला की अंगावर धावून जातो. त्याचं नाव 'मास्तर'. (हे नाव ठेवताना तू माझ्या डोळ्यांसमोर नव्हतास, असं मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. फक्त तुझ्यापुढे नको.)

आता हे सगळं माझ्यामागे आपोआप चालायला हवं. मी पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. ज्याने बारा-बारा मजले माणसं चढवली-उतरवली, त्याला एकोणीस माशांना जेवू घालणं म्हणजे डाव्या हातचा मळ. (माझ्या लिफ्टमध्ये आजवर कुणी अडकलेलं नाही. दोनदा सोडून. त्यातल्या एका खेपेला मीच होतो.) बाजारात तयार यंत्र मिळतं, असं कन्या म्हणाली. मी म्हटलं, बाप जिवंत असताना? मोडीत निघालेल्या एका लिफ्टच्या दाराची मोटर होती, तिचा कंट्रोल बोर्ड होता, सासूबाईंचा एक डबा होता. (तो त्या अजून शोधतायत, तू बोलू नकोस.) तीन रविवार खपून यंत्र तयार केलं. एकच उणीव राहिली. त्या बोर्डात लिफ्टमधल्या बाईचा आवाज भरलेला आहे आणि तो काही केल्या निघत नाही. त्यामुळे खाणं पडण्याआधी दर वेळी गोड आवाजात घोषणा होते, "दरवाजा उघडत आहे. कृपया गर्दी करू नका." आणि एकोणीसच्या एकोणीस मासे येऊन गर्दी करतात.

पहिले दोन दिवस घोषणा झाली, दरवाजा उघडला, पण खाणं पडेना. मासे वर येऊन आ वासून वाट बघायचे आणि परत जायचे. टाकीतली वाफ डब्यात शिरून खाण्याचा लाडू झाला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो लाडू सबंध सुटला आणि नेमका मास्तरच्या डोक्यात पडला. मास्तर दिवसभर दगडाआड तोंड घालून बसला. मी पंख्याची बारकी सोय करून डबा कोरडा ठेवला आणि छाती पुढे काढून दिव्यांकडे वळलो.

दिव्यांना घड्याळ लावलं. आठला उजाडायचं, बाराला भर दुपार, सहाला मावळायचं. चार दिवस इतकं सुरेख चाललं की मी शेजाऱ्यांना बोलावून सूर्यास्त दाखवला. पाचव्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली, अर्ध्या तासात आली, आणि घड्याळाने समजूत करून घेतली की आत्ताच मध्यरात्र झाली आहे. दिवसभर टाकीत अंधार. संध्याकाळी कन्येला बघायला, म्हणजे तिच्या नोकरीचं बघायला, एक वजनदार गृहस्थ आले होते. त्यांच्यासमोर टाकीत पहाट उगवली आणि ते पायापासून डोक्यापर्यंत जांभळे दिसायला लागले. नोकरीचं पुढे काही कळलं नाही. रात्री साडेदहाला लख्ख दुपार झाली तेव्हा सासूबाई उठून बसल्या आणि ऊन एवढं वर आलं तरी घरात चहाचा पत्ता नाही म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. चूक एवढीच होती की घड्याळात नखाएवढी बॅटरी घालायची राहिली. ही बॅटरी घाला रे घाला, असं मी गिऱ्हाईकांना पंचवीस वर्षं ओरडून सांगतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बॅटरी घातली. सगळं मार्गी लागलं. मग ठरवलं की खरा जाण्याआधी खोटा जाऊन बघावं. सोमवारपासून मी गावाला गेलो. म्हणजे घरातच होतो, पण टाकीला कुणी हात लावायचा नाही, मीही नाही. सौ.ने हा खेळ जरा जास्तच मनावर घेतला. माझं ताटच मांडलं नाही, म्हणाली, "तुम्ही गावाला आहात ना?" मी कामावरून फोन करून मासे कसे आहेत विचारलं, तर तिने मला तुझ्या गुडघ्याची खबरबात विचारली.

चौथ्या दिवशी टाकीचं पाणी गढूळ. पोवळी मिटलेली. मास्तरचं पोट सुटलेलं. ही सगळी लक्षणं जास्त खाण्याची. मी यंत्र खोलून पाहिलं, जोडलं, पुन्हा खोललं. दोष सापडेना. तेव्हा मला संशय आला की घरात कुणीतरी चोरून खायला घालतंय. सासूबाईंवर माझा पहिल्यापासून वहीम होता. मासे दिवसभर तोंड हलवतात ना, ते बिचारे मागतायत, असं त्यांचं ठाम मत आहे. मी पुस्तकांच्या फळीवर जुना मोबाइल कॅमेरा लावून ठेवला, कुणाला पत्ता लागू न देता, आणि आणखी चार दिवसांनी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून चोराचा पर्दाफाश करायला घेतला.

दादा, तू गणिताचा मास्तर, म्हणून तुला आकडेच देतो. चार दिवसांत टाकीत चौतीस वेळा खाणं पडलं. त्यात यंत्राच्या बारा वेळा, त्या बरोबर. सासूबाई तीन वेळा. कन्या दोन वेळा. सौ. एकदा, फडकं मारता मारता. उरलेल्या कुणाच्या, ते तू वजाबाकी करून बघ. टॉवेल गुंडाळून एकदा. हेल्मेट घालून, पायात बूट, कामावर निघताना चारदा. एका खेपेला तर मी यंत्राच्या पाठीवर थोपटून म्हणतोय, "जमेल रे तुला, जमेल, पण आज राहू दे." दादा, शपथ सांगतो, मला यातलं निम्मं आठवत नव्हतं. टीव्हीवर स्वतःला चिमूट चिमूट चोरी करताना बघायची वेळ माझ्या शत्रूवर येऊ नये. सासूबाई म्हणाल्या, "तीन वेळचं कबूल आहे मला," आणि जपमाळ ओढावी तशी साडीची घडी घालत राहिल्या. सौ. एवढंच म्हणाली, "यंत्र ठीक आहे. बिघाड तुमच्यात आहे."

तर परिस्थिती एकंदर अशी नाजूक आहे. यंत्रावर अजून भरवसा ठेवता येत नाही, त्यात आज ही नळी गळायला लागली. मी हात काढला तर सातशे लिटर पाणी खालच्या मजल्यावर. तेव्हा दादा, सोळा तारीख महिनाभर पुढे ढकलता येईल का? गुडघा एवढी वर्षं टिकला, आणखी महिनाभर टिकेल. डॉक्टरांना माझं नाव सांग.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. भाऊजी, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. (नसतं दिलं तरी वाचलं असतं.) यांनी शेवटचे चार दिवस गाळलेत. कॅमेऱ्याच्या प्रकारानंतर मी यांना घराबाहेर काढलं. चार दिवस हे त्यांच्या वर्कशॉपमधल्या खोलीत राहिले. आम्ही तिघींनी टाकीला बोट लावलं नाही. पाणी नितळ झालं, पोवळी उमलली, मास्तरचं पोट उतरलं. आज परत आल्यावर हे तासभर बिघाड शोधत होते. सापडला नाही तेव्हा यांनी स्वतः पान्याने ती नळी ढिली केली आणि मग ती धरून आडवे झाले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. तारीख अजिबात पुढे ढकलू नका. आणि तो डबा आईला मिळालाय.

ता. क. (माझा). पत्र परत माझ्या हातात देऊन ती म्हणाली, आता खरं लिहा. नळी घट्ट केली आहे. टेबलाशी बसून लिहितोय, तेव्हा या पानावर डाग दिसले तर विचारू नकोस.

वहिनी गेली तेव्हा मी सकाळी आलो आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. मासे उपाशी राहतील म्हणालो. तू म्हणालास, जा, मुका जीव आहे. दादा, त्या दिवशी माशांना सासूबाईंनी दुपारीच खायला घातलं होतं. मला फोनवर ते कळलंही होतं. पण तू ओट्याला टेकून उभा होतास, शेजारच्यांनी आणून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं होतं, आणि काय करावं ते मला सुचेना. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू सतरा. मी जेवेना तेव्हा तू मला मांडीवर घेऊन भरवायचास, पोट भरलं म्हटलं तरी आणखी एक घास. मोठा होईपर्यंत मला वाटायचं, दादाला भूक लागतच नाही. त्या दिवशी ताटावरचं झाकण काढायचीसुद्धा मला भीती वाटली. तुला खाटेवर पडलेलं बघायचीही वाटतेय, म्हणून नीट चाललेलं यंत्राचं काम मी स्वतःच बिघडवत राहिलो.

तिकीट काढलं आहे. पंधराला सकाळी पोचतो. दार उघडायला उठू नकोस, किल्ली शेजारी ठेव. स्वयंपाक मी करीन. आधीच सांगून ठेवतो, माझा हात सढळ आहे आणि तिथे कॅमेरा नसेल. तीनच्या जागी सातदा वाढलं गेलं तर आठी घालायची नाही.

तोवर वेळेवर जेवत जा.