कालव्याकाठचे रविवार

प्रिय सिलार्ड,

परवा तू निघालास तेव्हा वारा अगदी समोरून होता. बांधावर चढून तू मागे वळलास, हात केलास आणि मग मान खाली घालून असा निघालास, जसं काही वाऱ्याशी तुझं जुनं भांडण आहे. बेचेयला पोचल्याचा तुझा निरोप येईपर्यंत मी थाळ्या विसळल्या, पुसल्या आणि पुन्हा विसळायला घेतल्या. काका म्हणाले, "पेर्सिदा, नक्षी जाईल त्यांची." त्यांची थट्टा तुला माहीतच आहे, चेहऱ्यावरची रेघही हलत नाही.

इकडचं सगळं ठीक. काकांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना घरातली सगळी जळमटं दिसायला लागली आहेत, त्यामुळे मला सुख नाही. शेजारच्या मिलेवाच्या हंसिणीने पोस्टमनला चावून काढलं, तो आता तिची पत्रं आमच्याकडे टाकून जातो. कालव्याची माणसं बांध मोजून गेली. तुतीची झाडं काढणार म्हणतात, मुळं बांध पोखरतात म्हणे. जूनमध्ये त्या झाडांखालून तुमच्या सायकली गेल्या की टायरपासून तियानाच्या ओठांपर्यंत सगळं जांभळं व्हायचं. मी ओरडायचे, की हे डाग निघत नाहीत. ती म्हणायची, "निघू नयेतच, आई."

ती तुला पहिल्यांदा घेऊन आली तो दिवस मला कालच्यासारखा दिसतो. रात्रभर पाऊस झालेला, आणि तुम्ही शहाणे खडीची वाट सोडून नांगरलेल्या रानातून जवळची वाट काढायला गेलात. आपली काळी माती! चाकं फिरेनात, तर दोघं सायकली खांद्यावर घेऊन अंगणात उभे. मी म्हटलं, "तियाना, हा पोरगा आहे की ढेकूळ?" तिचे बाबा, म्हणजे तुझे काका, आतून म्हणाले, "हंगेरियन आहे ना? मग आधी सूप वाढ, भाषेचं नंतर बघू." आणि तू पहिला घोट घेऊन आमच्या भाषेत, छातीवर हात ठेवून म्हणालास, "मावशी, तुम्ही फार चविष्ट आहात." तियाना हसता हसता खुर्चीवरून खाली बसली. काका हसले नाहीत, पण जर्दाळूच्या दारूची बाटली काढली, तेव्हाच मी समजले.

मला भीती होती ती पाण्याची. तिला पोहता येत नव्हतं, आणि तुमची सगळी भटकंती त्या कालव्याच्या काठाने. मैलोनमैल सरळ वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मका आणि सूर्यफुलं, मध्ये चिटपाखरू नाही. मी तिला म्हणायचे, "सगळं जग डांबरावरून जातं, तुलाच का खडी लागते?" ती समजूत घालायची, "अगं, तिकडे मोटारीच येत नाहीत, म्हणून तर जातो. डांबरावर माणसं मरतात, आई." अख्ख्या वाटेत डांबर होतं ते फक्त पुलावर, तेही एवढंसं. ऑक्टोबरातलं धुकं, बिटाचे ट्रक साखर कारखान्याकडे लागलेले, आणि त्यातल्या एकाला पुलावर ती दिसलीच नाही. तुझ्या टायरमध्ये सराटे घुसले, आणि तू तिला म्हणालास, तू पुढे हो, पुलापलीकडे थांब, मी आलोच. हे तू मला एकदाच सांगितलंस, तिला मातीत ठेवलं त्या दिवशी. उभ्याने, एका दमात, शिक्षा ऐकायला आल्यासारखं. मी तुझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.

मग पुढच्या रविवारी तू आलास. काठाकाठाने, सायकलवर, दाढी वाढलेली. लाकडं फोडलीस, जेवलास आणि गेलास. त्याच्या पुढच्या रविवारीही आलास. काका शनिवारीच कुऱ्हाडीला धार लावून ठेवायला लागले, आणि मी सुपात घालायच्या शेवया जास्त लाटायला लागले. लोक विचारायचे, तो पोरगा तुमचा कोण? मी म्हणायचे, आमचा सिलार्ड. यापुढे काय सांगायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. जावई होणार होता, एवढं म्हटलं तरी लोक बाकीचं विचारतात.

तुला ठाऊक नसेल, मी खरी वाट बघायचे ती सूप झाल्यावरची. कॉफी पिता पिता तू तिची एखादी गोष्ट काढायचास, मला माहीत नसलेली. कोणाच्या तरी वावरातलं कलिंगड तिने जर्सीत लपवून आणलं आणि पोलिसाने विचारल्यावर "पाचवा महिना आहे" म्हणाली, ती गोष्ट. करकोच्यांना गावातल्या बायकांची नावं ठेवली होती आणि सगळ्यात भांडखोर करकोचीचं नाव पेर्सिदा होतं, ती गोष्ट. माझी मुलगी मेली, सिलार्ड, पण रविवारी जेवणानंतर ती थोडी थोडी वाढत होती.

पहिल्या वर्षश्राद्धाला मीच हट्ट धरला, मला त्या वाटेने पुलापर्यंत घेऊन चल. तू म्हणालास, "गाडीने जाऊ, मावशी." मी म्हटलं, ती गाडीने गेली होती का? तिची सायकल काकांनी खाली काढली, सीट माझ्या मापाला आणली. बेकरीपलीकडे कधी सायकल न चालवलेली बाई, वय अठ्ठावन्न, आणि ते बैलाच्या शिंगांसारखं हँडल! खडीवर आले आणि चाक सटकायला लागलं, मी किंचाळले. तू बाजूने ओरडत होतास, "आवळू नका! तिला थोडं भटकू द्या, ती आपली सरळ होते!" आणि खरंच झाली. मग मला तो आवाज ऐकू आला, टायरखाली खडी बोलते तो. डाव्या हाताला पाणी अगदी शांत, बगळे उभे, मक्याची वाळलेली पानं सळसळतायत, आणि पुढे वाट इतकी सरळ की शेवट दिसतच नाही. पोरगी इथे का यायची ते तेव्हा कळलं मला, आणि कळल्यावर जास्तच दुखलं. पुलाच्या अलीकडे मी उतरले. डांबरावर पाय ठेववेना. गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने उठून त्याची घडीची खुर्ची मला दिली, आणि तू एकटाच फुलं घेऊन वर गेलास.

आता जे सांगायचं ते. गेल्या बुधवारी दुपारच्या बसने एक मुलगी आली. हातात बेकरीतल्या चेरी-स्ट्रूडलचं खोकं, पायात असल्या चिखलात घालू नयेत असले बूट. "मी रेका," म्हणाली. आमच्या भाषेत रेका म्हणजे नदी, तर काका म्हणाले, "पूर येतोय की काय?" ती हसली नाही. तुला न सांगता आली होती, आणि तुला सांगू नका म्हणाली. ते मी मोडतेय, तिला माझ्यातर्फे माफी माग.

खरं सांगते, ती दारात उभी राहिली तेव्हा तिला परत पाठवावं असं वाटलं मला. दोन वर्षं झाली म्हणाली तुमच्या ओळखीला. दोन वर्षं तू इथे येऊन लाकडं फोडतोस आणि तिचं नावही तुझ्या तोंडून निघालं नाही! मग म्हणाली, हॉलंडमध्ये तिला इस्पितळात नोकरी मिळाली आहे, आणि तुलाही तिथल्या पंपांच्या कंपनीने बोलावलं होतं. तू नाही म्हणालास. का, असं विचारलं तर म्हणालास, "रविवारी मला एका ठिकाणी जावं लागतं." ती म्हणाली, "मार्चमध्ये मी जाणार, तो आला तरी आणि नाही आला तरी. त्याला सोडा, असं म्हणायला मी आले होते, मावशी. पण तुम्हाला बघून म्हणवत नाही." आणि रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण हात उचलला गेला नाही. काकांनी घेतलं. आपल्या काकांनी, विचार कर. तिला बसपर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "पोरगी चांगली आहे, पेर्सिदा. आपण काय करतोय?"

परवा तू जेवलास तेव्हा मी तुझ्याकडे नीट पाहिलं. तुझ्या कानांपाशी पांढरे केस आलेत. तियाना सव्वीसची होती आणि सव्वीसचीच राहणार, पण तुझं वय वाढतंय, आणि ते माझ्या टेबलाशी बसून वाढतंय. कॉफी पिता पिता तू पुन्हा कलिंगडाचीच गोष्ट सांगितलीस. बऱ्याच दिवसांत नवी गोष्ट नाही आली. संपल्यात त्या, बाळा. मला कधीच कळलं होतं. मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसत होते, आणि मला वाटतं, तूही ते ओळखून सांगत होतास.

पंक्चर तुझ्या टायरला झालं, एवढाच तुझा त्यात हात. मी तुला दोष दिला नाही, काकांनीही नाही. तू इथे येऊन काही फेडत असशील, तर इथे कोणी मागणारा नाही. म्हणून हे लिहिते आहे: या रविवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याही नको. रेकाबरोबर जा. लाकडं मिलेवाचा जावई फोडून देईल, ठरवलं आहे मी. ही गोष्ट मी तुला फोनवर सांगणार होते, दोनदा नंबरही लावला. पण तुझा आवाज ऐकला असता तर "किती वाजता येतोस?" असंच निघालं असतं तोंडून, आणि समोर असतास तर ताट वाढून मोकळी झाले असते. कागदावरच जमतंय मला तुला घालवायला. उत्तर पाठवू नकोस. ते वाचून मी बोलावीन.

तुझी कोण ते न ठरलेली, पण तुझीच,
पेर्सा मावशी