घरचं पुडकं

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा मटणविक्री, यजमानांच्या मागे सव्वीस वर्षे स्वतःच्या हाताने चालवलेला, हे लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. रागात मात्र आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, रागाचा उल्लेख नको, उद्या कोणी हरकत घेईल." मी म्हटले, राग काढला तर कागदावर उरणार काय? म्हणून तो राहू दिला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात वाटणी बरोबर होती, पण एक गोष्ट दडवली होती.

कलम १. दुकान, ओट्यासकट, आकड्यांसकट, मागच्या खोलीसकट आणि रात्रंदिवस गुरगुरणाऱ्या फ्रीजसकट, मी माझ्या मुलीला देते. एकोणिसाव्या वर्षापासून ती तिथे उभी आहे. तिचा हात माझ्यापेक्षा साफ चालतो, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, ते इथे सांगते.

माझ्या मुलाला किंवा त्याच्या कंपनीला हे दुकान तिने विकू नये, भाड्याने देऊ नये, एक दिवसापुरतेही देऊ नये. त्याच्या कंपनीचा सुटाबुटातला माणूस दोनदा येऊन गेला. त्यांना इथे शाकाहारी पाकिटांचे दुकान काढायचे आहे आणि दारावर माझा हात जोडलेला फोटो लावायचा आहे, खाली लिहायचे आहे की या आईचे मन पालटले. माझे मन होते तिथेच आहे. त्या माणसाला मी पाणी दिले आणि जिना दाखवला.

कलम २. लाकडी ओंडका, तीन सुरे आणि सत्तूर हेही मुलीला. ओंडक्याला मधोमध खळगा पडला आहे, तो तासून सपाट करू नये. तो यजमानांच्या आणि माझ्या हातांनी पडला आहे. मोठा सुरा तिने कोणाला उसना देऊ नये, मामेभावाला तर नाहीच. त्याने त्या सुऱ्याने एकदा रंगाचा डबा उघडला होता.

तिने मुंडी आणि पाय विकायला ठेवावेत, कोणी घेवो न घेवो. आताचे गिऱ्हाईक मला कळत नाही. त्याला हाड नको, चरबी नको, डोळे तर नकोतच. पांढऱ्या ताटलीत, वर ताणलेल्या प्लास्टिकखाली, जनावराशी काही संबंध नसल्यासारखे चौकोनी तुकडे हवेत. हीच माणसे आठवडाभर माझ्या मुलाच्या दुकानातून 'खिमा' नेतात, जो खिमा नाही. मी ते पाकीट चष्मा लावून वाचले आहे. त्यात अठरा जिन्नस आहेत आणि त्यातल्या पाचांचा मला उच्चार येत नाही. रविवारी तीच माणसे काळी पिशवी घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "मावशी, जरा नीट गुंडाळा, जिन्यात वास नको." जिन्यात भेटणारी शेजारीण आधीच माझ्याकडून घेऊन गेलेली असते. खा नाहीतर खाऊ नका, पण नाकाने कांदे सोलू नका.

पालेभाजीशी माझे भांडण नाही, हेही नोंदवावे. समोरच्या मास्तरांनी माझ्या मुलाचा चाळीस दिवसांचा शाकाहाराचा कोर्स केला आणि त्यांची साखर उतरली. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी स्वतः जन्मभर मटण खाऊन एकाहत्तरीत धडधाकट आहे, गुडघे सोडले तर. पण त्याचे श्रेय मी मटणाला देत नाही. एका माणसाच्या तब्येतीवरून दुनियेला शहाणपण शिकवण्याचा धंदा माझा नाही, माझ्या मुलाचा आहे.

कलम ३. दुकानावरच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची मुलीला आणि मागची मुलाला. मुलाच्या खोलीला अट आहे, ती कलम ६ मध्ये. आधी माझा राग पुरा होऊ द्यावा.

कलम ४. माझा मुलगा व्याख्याने देतो. मोठ्या सभागृहात, कानाला माइक लावून. त्याच्या मागे पडद्यावर त्याच्या वडिलांचा फोटो असतो, ओंडक्यामागे उभा असलेला, हातात सुरा. हा फोटो त्याने माझ्या भिंतीवरून नेला, मोठा करून परत आणतो म्हणाला. तो आता त्याच्या पाकिटांवरही आहे. तो फोटो मुलीने परत मागून घ्यावा, न दिल्यास वकीलसाहेबांनी नोटीस द्यावी.

व्याख्यानात तो सांगतो की लहानपणी त्याने एक करडू पाळले होते आणि आम्ही ते कापले. करडू नव्हते. मांजर होते, आणि ते म्हातारे होऊन मेले. तो सांगतो की त्याला लहानपणी रक्ताच्या वासाने उलट्या व्हायच्या. अख्खी गल्ली त्याला 'नळ्या' म्हणायची, कारण शाळेतून आला की दुकानाच्या पायरीवर बसून तो नळी चोखत असे आणि ती वाजवून आतला गर निघेपर्यंत उठत नसे. हे सगळे मी त्याला माफ केले असते. व्याख्यान रंगवायला माणूस काहीबाही सांगतो.

शेवटी तो फोटोकडे बोट करतो आणि म्हणतो, "हे माझे बाबा. मटणाने गेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. यांना मी वाचवू शकलो नाही. तुम्हाला वाचवेन." लोक रडतात. मीही एकदा मागच्या रांगेत बसून हे ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उठून उभी राहिले नाही.

कलम ५. आता जे दडवले ते.

आमच्या दुकानात एक पद्धत होती. सकाळी माल आला की यजमान आधी घरचा वाटा बाजूला काढत. कागदात गुंडाळून तराजूशेजारच्या फळीवर ठेवत, सगळ्यांना दिसेल असा. गिऱ्हाईक यायचे आणि विचारायचे, "घरचं पुडकं आज कुठल्या भागाचं?" यजमान सांगत, मांडी किंवा चाप, आणि गिऱ्हाईक म्हणायचे, "मग त्यातलंच द्या." खाटकाने स्वतःच्या घरी नेले म्हणजे माल चोख. आमचे दुकान त्या पुडक्यावर चालले.

वयाच्या सदतिसाव्या वर्षी एका दुपारी यजमानांनी ताट सरकवले. "दिवसभर हाताला वास असतो गं. ताटात तरी नको." मला वाटले, दोन दिवसांचे खूळ. पण ते सुटले ते सुटलेच. भात, डाळ, भाजी, दही. त्यानंतर मरेपर्यंत, अकरा वर्षे, माझ्या नवऱ्याने मटणाचा एक तुकडा तोंडात घातला नाही.

"आणि गिऱ्हाईक?" मी विचारले.

"त्याला कशाला सांगायचं? स्वतःचा माल न खाणाऱ्याकडून कोण घेईल?"

म्हणून पुडके फळीवर येतच राहिले. संध्याकाळी ते हातात घेऊन, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असे, यजमान कोपऱ्यावरून वळसा घालून घराच्या मागच्या जिन्याकडे निघत. कोपऱ्यावर इस्त्रीवाली बाई आहे. तिच्या टोपलीत ते पुडके पडे आणि यजमान मागच्या दाराने रिकाम्या हाताने जिना चढत. मुलांसाठीचे मटण मी दुपारीच शिजवलेले असे. मुले आधी जेवत, आम्ही नंतर. सुट्टीच्या दिवशी एकत्र बसलो तर यजमानांच्या पुढे रस्स्याची वाटी ठेवायची आणि मुलांचे लक्ष नसले की ती मी संपवायची. मुलांना सांगितले नाही, कारण मुले शाळेत बोलतात.

इस्त्रीवालीने ते अकरा वर्षे खाल्ले आणि कोणापाशी चकार शब्द काढला नाही. आज ती या कागदाची साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलसाहेब सांगतात. "म्हणजे मला काहीच नाही?" ती म्हणाली. मी म्हटले, "तू आधीच खाऊन बसली आहेस." तिला ते पटले.

तेव्हा माझ्या मुलाने नीट वाचावे. त्याचे बाबा मटणाने गेले नाहीत. गेले तेव्हा ते त्याच्याइतकेच शाकाहारी होते. एका मंगळवारी खिमा करता करता त्यांनी ओंडक्याला कपाळ टेकवले आणि ते पुन्हा उचलले नाही.

कलम ६. यजमानांचे वडील पन्नाशीत छातीने गेले. थोरले दीर, बसचे ड्रायव्हर, सेहेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंगवर गेले. यजमान अठ्ठेचाळिसाव्या. डॉक्टरीणबाई तेव्हा नवीन होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "हे यांच्या रक्तातच आहे. खाण्याने थोडाफार फरक पडतो, पण खाण्याने हे जात नाही. मुलाला चाळिशीपासून तपासत राहा. वेळेवर कळलं तर गोळ्या आहेत."

मुलीने तपासून घेतले, ती गोळी घेते. मुलाला चाळीस लागले तेव्हा मी त्याला बोलावून घेतले. तो दुकानात आला नाही, ओट्याबाहेर उभा राहिला.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये. बाबांसारखं व्हायला नको."

"आई, बाबा मटण खायचे. मी वीस वर्षं खाल्लेलं नाही. मला काय होणार आहे?"

तेव्हाच सांगायचे होते. एका वाक्याचे काम होते. पण ओट्यासमोर तीन गिऱ्हाईके उभी होती आणि फळीवर घरचे पुडके होते, कारण ती पद्धत मीही चालू ठेवली होती.  मी मूग गिळून खिमा तोलत राहिले आणि मुलगा निघून गेला. शाकाहार म्हणतात तो हाच असेल, तर तो मी जन्मभर केला आहे.

राग मुलावर आहे, हे वर लिहिले. पण त्याच्याहून जास्त माझ्यावर आहे, हे इथे लिहिते. दुकानाच्या अब्रूपायी मी पोराचा जीव पणाला लावला, आणि त्याने त्या खोट्यावर चौदा दुकाने उभी केली. वडील गेले त्या आठवड्यात त्याने मटण सोडले होते. नळ्याने. दुःखाने सोडले होते, धंद्यासाठी नाही. मी तेव्हा नुसती बघत होते.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन सगळे सांगितले. तो हसला. "आई, दुकान चालेना म्हणून आता बाबांना शाकाहारी केलंस? त्यांना पुडकं घरी नेताना मी रोज या डोळ्यांनी बघितलंय. मी पायरीवरच बसलेलो असायचो." त्याचे बरोबर आहे. ते त्याला दिसावे म्हणूनच नेले जायचे. बोलताना तो दोनदा थांबला आणि डावा खांदा चोळला. "काय झालं?" म्हटले. म्हणाला, "व्यायाम जास्त झाला."

आईचे तोंडी बोलणे खोटे वाटते, म्हणून आता सही, साक्ष आणि शिक्का. मुलाने रक्ताची आणि हृदयाची पूर्ण तपासणी करून डॉक्टरीणबाईंचा अहवाल वकीलसाहेबांना दाखवावा, तरच मागची खोली त्याची. त्याला त्या खोलीची गरज नाही हे मला माहीत आहे. माझ्याकडे अट घालायला दुसरे काही नाही.

कलम ७. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर उघडू नये.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं." मी म्हटले, "लागू मेल्यावर होऊ दे. वाचायला कोणी अडवलंय?" मी अजून दहा वर्षे जगेन असे डॉक्टरीणबाई म्हणतात. माझ्या मरणाची वाट बघत बसलात तर हा कागद वाचायला मुलगा उरणार नाही.

म्हणून येत्या रविवारी सकाळी, रांग रस्त्यापर्यंत गेली की, कलम ५ आणि ६ ओट्यावरून मोठ्याने वाचली जातील. गिऱ्हाईकांसमोर गप्प बसले होते, गिऱ्हाईकांसमोरच बोलेन. रांगेतले निम्मे त्याचेही गिऱ्हाईक आहेत, तासाभरात त्याच्या कानावर जाईल.

मुलगी म्हणाली, "आई, धंदा बसेल."

"बसू दे."

थोडा वेळ ती ओंडका पुसत राहिली. मग म्हणाली, "दे इकडे, मीच वाचते. तुझा आवाज मध्येच फुटेल." त्या रविवारपासून फळीवर घरचे पुडके ठेवू नये.

नळ्या, हे तुझ्यासाठी, वकीलसाहेबांनी भाषा सुधारू नये. सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी आठ वाजता मी दवाखान्याच्या दारात उभी राहीन. तू येईपर्यंत हलणार नाही, गुडघे गेले तरी. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. येताना काही खाऊन येऊ नकोस. माझं नाही आणि तुझंही नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आहे.

सही: मटणवाली, नळ्याची आई

साक्षीदार पहिली: कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. अकरा वर्षे पुडके माझ्या टोपलीत पडत होते, हे शपथेवर खरे.

साक्षीदार दुसरी: डॉक्टरीण. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. सोमवारची आठची वेळ राखून ठेवली आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली

दिनांक: गुरुवार, मुलाला सत्तेचाळीस पूर्ण व्हायला तेरा दिवस बाकी