बेचाळीस अंश

८ फेब्रुवारी, शनिवार

सही करणार नाही! काय वाट्टेल ते करा म्हणावं.

आज पाचवीची बारा मुलं शाळेमागच्या टेकडीवर नेली. प्रत्येकाला नकाशा, दोघांत एक होकायंत्र. अकरा परत आली. मुंगी नाही! एवढीशी आणि सदा चालती, म्हणून वर्गानेच तिला ठेवलेलं नाव. दोन तास घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. शेवटी वनरक्षक तिला मोटारसायकलवर घेऊन आला. टेकडीपलीकडे ओढ्याकाठी सापडली म्हणे. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी पोटाशी धरलं तर म्हणते, "बाई, तुम्ही का रडता?"

तिचे बाबा आले. वायरमन आहेत, कमरेची पक्कड तशीच. माझ्याकडे पाहिलंही नाही. हेडसरांना म्हणाले, "पोरं शिकायला पाठवतो, हरवायला नाही."

खरंय त्यांचं. माझं लक्ष कमी पडलं, हे मी शंभरदा लिहून देईन. पण हेडसरांनी पुढे सरकवलेला कागद वेगळाच — 'हा उपक्रम निरुपयोगी व धोकादायक असल्याचे मला मान्य आहे.' निरुपयोगी? मेले तरी नाही!

१० फेब्रुवारी

होकायंत्रं कपाटात, किल्ली हेडसरांच्या खिशात. सूर्याला कुलूप घाला आता!

मैदानात काठी रोवली. सावलीच्या टोकाशी एक खडा, पंधरा मिनिटांनी दुसरा. दोन्ही जोडले की पूर्व-पश्चिम. हेडसर खिडकीतून बघत होते. बघा, खुशाल बघा.

११ फेब्रुवारी

मुलांनी शाळेचा नकाशा काढला. हेडसरांची खोली काडेपेटीएवढी, मुताऱ्या मैदानाएवढ्या! म्हटलं, हे कुठलं प्रमाण? उत्तर — "बाई, वास तेवढा लांब येतो." हसून हसून डोळ्यांत पाणी.

घरी यांचं एकच पालुपद. "तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. डोळे मिटून सही कर की." डोळे मिटूनच जगायचं होतं तर भूगोल कशाला शिकवला?

१३ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत मुंगी आली. रुमाल पिळत उभी.

"बाई, माझ्यामुळे तुमची नोकरी जाणार?"

"बघू."

"मी हरवले नव्हते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईबाबा वेगळे झालेत. आई टेकडीपलीकडच्या गावात. आठ महिने भेट नाही. घरात आईचं नावही काढायचं नाही. पोरीने नकाशावर आपल्या शाळेपासून त्या गावच्या पाण्याच्या टाकीपर्यंत रेघ मारली. कोन मोजला — बेचाळीस अंश. आणि शनिवारी काट्यावर नजर ठेवून चालत सुटली!

"ओढा ओलांडला की आलंच होतं, बाई."

ती गेल्यावर नकाशावर पट्टी ठेवली. वनरक्षकाने सांगितलेली जागा तिच्या रेघेपासून अर्धा सेंटीमीटर. म्हणजे जेमतेम सव्वाशे मीटर. दहा वर्षांची पोर, झाडीतून, एकटी! ऊर भरून आला. आणि लगेच मनात आलं — पाय घसरला असता तर? चालायला मीच शिकवलं. सांगून जावं, हे शिकवायचं राहिलं.

१४ फेब्रुवारी

मुंगीकडून कबूल करून घेतलं — पुन्हा एकटी जाणार नाही.

सोमवारी शाळा समितीपुढे माझी चौकशी आहे; तिथे एक वाक्य बोलले की मी सुटले. पोर हरवलीच नव्हती! पण ते तिच्या बाबांच्या कानावर जाणार. "घरी सांगशील का?" विचारलं. जोरजोरात मान हलवली — नाही.

मग मीही नाही. गोष्ट तिची आहे.

१७ फेब्रुवारी

समिती. पाच उंच खुर्च्या, माझी बुटकी. मुंगीचे बाबा भिंतीला टेकून उभे.

"मूल हरवलं, मान्य?"

"माझ्या नजरेआड गेलं, मान्य."

"म्हणजे तुम्ही शिकवलेलं काहीच कामी आलं नाही."

जीभ दाताखाली धरली. इतकी, की रक्ताची चव आली. माझं गप्प बसणं त्यांना हार वाटलं असेल. वाटू दे!

निकाल — लेखी ताकीद, टेकडी बंद. पुन्हा तोच कागद पुढे. मी पेन घेतलं, 'निरुपयोगी व' एवढं खोडलं आणि खाली सही ठोकली. 'धोकादायक' राहू दिलं. असेलही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दारात मुंगीचे बाबा. मागे मुंगी, डोळे सुजलेले.

"पोरीने सगळं सांगितलं," म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं. तरी बोलला नाहीत." मुंगीला पुढे केलं. मग — "हिच्या आईकडे निघालोय. टेकडीवरून. म्हणते, मी नेते. येता बरोबर?"

"नाही," म्हटलं. "ती पुढे चालेल. तुम्ही तिच्या मागे राहा."